दीड कोटींचा नोव्हेंबर

४ नोव्हेंबर २०२० रोजी डेन्मार्कच्या पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी पत्रकार परिषद घेतली आणि देशातले सगळे मिंक मारण्याचा निर्णय जाहीर केला. सगळे म्हणजे दीड कोटी ते १ कोटी ७० लाख. डेन्मार्कची तेव्हाची लोकसंख्या होती ५८ लाख, म्हणजे दर माणसामागे जवळपास तीन मिंक. २०११च्या जनगणनेत मुंबईत जेवढी माणसं मोजली गेली, त्याहून हा आकडा मोठा आहे. एवढे जीव हजाराहून अधिक फार्मवर, काही आठवड्यांच्या आत संपवायचे होते.

मिंक हा पाणमांजराच्या कुळातला प्राणी. वजन किलो-दोन किलो, अंग लांबट, पाय आखूड. मूळचा उत्तर अमेरिकेचा, नदी-ओढ्यांच्या काठाने एकटा राहणारा, पाण्यात बुडी मारून मासे आणि खेकडे धरणारा. त्याच्या अंगावरचे केस दाट, मऊ आणि चकचकीत असतात आणि त्या केसांसाठीच डेन्मार्कमध्ये तो पिंजऱ्यांत वाढवला जात होता. कोरोनाचा विषाणू माणसांकडून या पिंजऱ्यांत शिरला, एका मिंककडून दुसऱ्याकडे पसरत गेला, पसरताना बदलला आणि बदललेला विषाणू पुन्हा माणसांत आला. ‘क्लस्टर ५’ असं नाव दिलेला एक प्रकार उत्तर जटलंडमधल्या १२ माणसांत सापडला. लशी अजून बाजारात यायच्या होत्या. त्यांना दाद न देणारा विषाणू या शेडमध्ये तयार होईल, ही भीती सरकारला वाटली आणि ती निराधार म्हणता येणार नाही. हजारो प्राणी एका छताखाली, एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर असले की विषाणूला आणखी काय हवं असतं?

पुढे जे झालं ते सगळीकडे छापून आलं. जिथे रोग पोचलाच नव्हता, अशा फार्मवरचे प्राणी मारायला लावण्याचा अधिकार सरकारला कायद्याने नव्हताच, हे काही दिवसांतच उघड झालं. कृषिमंत्री मोन्स येन्सन यांनी १८ नोव्हेंबरला राजीनामा दिला. दुसऱ्याच दिवशी ‘क्लस्टर ५’ बहुधा नामशेष झाला आहे, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. पंतप्रधान कोल्डिंगजवळच्या एका मिंकपालकाच्या घरी गेल्या, बाहेर आल्या आणि बोलता बोलता त्यांनी डोळे पुसले. पुढे चौकशी आयोग बसला. त्याच्या २०२२च्या अहवालाने पंतप्रधानांचं ४ नोव्हेंबरचं निवेदन दिशाभूल करणारं ठरवलं.

मेलेल्या मिंकचं काय करायचं, हा प्रश्न त्याहून अवघड निघाला. जाळण्याच्या भट्ट्या अपुऱ्या पडल्या, म्हणून जवळपास ४० लाख प्राणी होल्स्टब्रो आणि कारुप इथल्या लष्करी जमिनीत लांबच लांब चर खणून पुरले. जमीन रेताड होती आणि वर टाकलेला मातीचा थर पातळ. शरीरं कुजू लागली, आत वायू साठला, फुगलेली शरीरं माती सारून वर आली. जवळच तलाव होता, पाणी दूषित होण्याची भीती होती. शेवटी २०२१च्या उन्हाळ्यात ते चर पुन्हा उकरले आणि साधारण १३ हजार टन अवशेष कचरा जाळणाऱ्या भट्ट्यांकडे पाठवले. म्हणजे १० टनांचे १,३०० ट्रक. आणि हे सगळे मिळून मारलेल्यांपैकी जेमतेम चौथा हिस्सा होते.

जगाला धक्का बसला. बसायलाच हवा होता. पण मला या सगळ्या कहाणीतली सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट बातम्यांच्या कडेला राहून गेली. दीड कोटी हा आकडा त्या नोव्हेंबरपुरता नव्हताच. मिंकची पिल्लं एप्रिलच्या शेवटी आणि मे महिन्यात जन्मतात. हिवाळ्याची दाट लव नोव्हेंबरमध्ये पूर्ण भरते आणि नोव्हेंबर सरता सरता त्यांना वायूच्या पेटीत घालून मारतात. वय सहा-सात महिने. पुढच्या वर्षीच्या विणीसाठी ठेवायच्या माद्या आणि थोडे नर वगळले, तर शेडमधला प्रत्येक प्राणी वर्ष संपायच्या आत संपणार हे ठरलेलंच असतं. त्या आधीच्या दशकात डेन्मार्कमधून दर वर्षी दीड कोटीच्या आसपास कातडी बाहेर पडत होती. म्हणजे २०१९चा नोव्हेंबर तसाच होता, २०१८चा तसाच, २०१५चाही तसाच. फरक एवढाच, की २०२०मध्ये बरीचशी कातडी विकली गेली नाही आणि शरीरं लपली नाहीत.

म्हणून फरचा विचार करताना मी क्रौर्याच्या एखाद्या चित्रफितीपासून सुरुवात करत नाही. अशा चित्रफिती खूप आहेत आणि ज्याला पाहायच्या नाहीत तो मान वळवतो. आकड्याकडे मात्र पाहता येतं. माझं म्हणणं असं, की या धंद्यातला निर्दयपणा एखाद्या वाईट माणसाच्या हातात नसून आकड्यातच आहे. डेन्मार्कचे फार्म जगात चांगले समजले जात. नियम होते, तपासनीस होते, पशुवैद्य ठरलेल्या वेळी फेरी मारत. तरीही दीड कोटी एकटे राहणारे, पोहणारे, शिकार करणारे प्राणी सांभाळायचे, तर पिंजऱ्याशिवाय मार्ग नाही आणि पिंजरा आला की बाकीचं सगळं त्याच्या मागोमाग येतं.

तो पिंजरा जरा जवळून पाहू. युरोपीय परिषदेच्या १९९९च्या शिफारशीनुसार मिंकच्या पिंजऱ्याचं क्षेत्रफळ किमान २,५५० चौरस सेंटिमीटर आणि उंची ४५ सेंटिमीटर असावी. उघडून पसरलेलं वर्तमानपत्र याहून मोठं असतं. तळाला तारेची जाळी, म्हणजे विष्ठा खाली पडावी. जोडीला विणीची एक छोटी पेटी आणि थोडं गवत. बहुतेक वेळा एका पिंजऱ्यात दोन पिल्लं. मोकळा मिंक नदीकाठाचे एक ते चार किलोमीटर आपले मानतो. दर प्राण्यामागे एक पिंजरा धरून डेन्मार्कच्या १ कोटी ७० लाख मिंकना मिळालेली जमीन मोजली, तर ती साडेचार चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही.

२००१ साली ऑक्सफर्डमधल्या जॉर्जिया मेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मला तो या विषयावरच्या कुठल्याही भाषणापेक्षा मोलाचा वाटतो. त्यांनी फार्मवर वाढलेल्या मिंकना काही जागा उपलब्ध करून दिल्या. एकीत पाण्याचा हौद, दुसरीत उंच फळी, तिसरीत नव्या वस्तू, आणखी एकीत दुसरं घरटं, असं. प्रत्येक जागेकडे जाणारं दार ढकलावं लागत असे आणि संशोधक ते दार टप्प्याटप्प्याने जड करत गेले. इतर ठिकाणी जाणं मिंकनी हळूहळू कमी केलं, पण पाण्याच्या हौदासाठी ते सर्वांत जास्त जोर लावत राहिले. हौद बंद केला तेव्हा त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढलं. ही वाढ अन्न बंद केल्यावर होणाऱ्या वाढीच्या जवळपास जाणारी होती. हे प्राणी पिंजऱ्यातच जन्मले होते, पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यातच वाढले होते. पिंजऱ्यात जन्मलेल्याला बाहेरच्या पाण्याची ओढ कशी असेल, असं या धंद्यातले लोक म्हणत आले. त्या प्रश्नाचं उत्तर मिंकनी स्वतःच दिलं.

आता कोटाकडे वळू. पायघोळ मिंक कोटाला साधारण ५० ते ६० कातडी लागतात. कोल्ह्याच्या कोटाला त्याहून बरीच कमी, कारण कोल्हा मोठा. चिंचिला हा अर्धा किलोचा प्राणी. त्याच्या पूर्ण कोटाला शंभराहून जास्त. पण आकडा इथे थांबत नाही. उत्तम मिंक कोट शिवण्याची एक जुनी रीत आहे. कातडं मधोमध कापतात. मग दोन्ही बाजूंच्या तिरप्या, पाचेक मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या पाडतात. प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीपेक्षा थोडी खाली सरकवून पुन्हा तिला जोडतात. असं करत गेलं की हातभर कातडं अरुंद आणि लांब होतं आणि खांद्यापासून घोट्यापर्यंत एकसंध उतरतं. वरून केस, त्यामुळे शिवण दिसत नाही. कातडं ६० सेंटिमीटर लांब धरा, म्हणजे पट्ट्या शंभराच्या पुढे. ५० कातड्यांच्या कोटात हजारो शिवणी. ही कारागिरी खरोखरच अव्वल आहे आणि ती करणाऱ्या हातांबद्दल मला आदर आहे. पण तिचा हेतूच असा, की ५० प्राण्यांचं एक वस्त्र व्हावं आणि ते ५० होते हे पाहणाऱ्याला कळू नये.

त्या ५० जणांनी खाल्लं किती? नेदरलँड्समधल्या सीई डेल्फ्ट या संस्थेने २०११ साली हिशोब मांडला. एका मिंकमागे जवळपास ५० किलो खाद्य. एक किलो फर हवी तर ११.४ कातडी आणि ५६३ किलो खाद्य. त्या एका किलोमागे हवेत जाणारे वायू १०० किलो कार्बन डायऑक्साइडपेक्षाही जास्त, लोकरीच्या कितीतरी पट. हा अभ्यास प्राणिरक्षण संस्थांनी करवून घेतला होता, हे वाचकाला माहीत असायला हवं. फर उद्योगाने त्यावर आक्षेपही घेतले. मिंकचं खाद्य म्हणजे कोंबडी आणि मासळी कापून उरलेला भाग, तो नाहीतरी वायाच गेला असता, असं ते म्हणतात. पण असा भाग कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात जातो, बायोगॅसमध्ये जातो, त्याला गिऱ्हाईक असतं. आणि डेन्मार्कच्या १ कोटी ७० लाख मिंकना ५० किलोने गुणलं, तर साडेआठ लाख टन होतात. तेवढं खाद्य जमवायचं, दळायचं, गोठवायचं आणि दररोज पिंजऱ्यांवर पोचवायचं, एवढा सगळा खटाटोप अशा वस्तूसाठी, जी थंडीपासून रक्षण करण्यासाठी आज कुणालाच अपरिहार्य नाही.

‘कुणालाच’ हे मी विचारपूर्वक लिहिलं नाही, म्हणून लगेच दुरुस्त करतो. आर्क्टिकमधल्या इनुइट समाजाची सीलच्या कातड्याची वस्त्रं हा वेगळा विषय आहे. तिथे शिकार खाण्यासाठी होते, कातडं हा त्याच प्राण्याचा उरलेला भाग असतो आणि संख्या माणसांच्या गरजेएवढी असते. मी बोलतो आहे ते फॅशनबद्दल.

फॅशनने एखाद्या प्राण्याचं काय होऊ शकतं, हे पिंजऱ्यांच्या कितीतरी आधी दिसून आलं होतं. सागरी पाणमांजर हे त्याचं सर्वांत विदारक उदाहरण. या प्राण्याच्या अंगावर चरबीचा थर नाही, थंड समुद्रात तो जगतो केवळ केसांच्या जोरावर. एका चौरस सेंटिमीटरला दीड लाखांपर्यंत केस. माणसाच्या अख्ख्या डोक्यावर असतात साधारण लाखभर. १७४१ साली दर्यावर्दी व्हिटस बेरिंगचं जहाज कामचाटकाच्या पूर्वेला एका ओसाड बेटावर फुटलं. जगलेले खलाशी परतले ते या पाणमांजराची शेकडो कातडी घेऊन. चीनच्या बाजारात त्यांना मिळालेली किंमत पाहून रशियन शिकारी निघाले, मागून ब्रिटिश, मग अमेरिकी. तेव्हा ही पाणमांजरं उत्तर प्रशांत महासागराच्या किनाऱ्यांवर दीड ते तीन लाख असावीत, असा अंदाज आहे. १९११ साली अमेरिका, ब्रिटन, रशिया आणि जपान यांनी करार करून शिकार थांबवली, तेव्हा उरली होती हजार-दोन हजार, तेरा तुटक ठिकाणी. कॅलिफोर्नियात तर ती संपली असंच लोक धरून चालले होते. १९३८ साली बिग सरच्या कड्याखाली ५० जणांचा एक कळप दिसला. आज तिथे असलेली तीनेक हजार पाणमांजरं त्याच ५० जणांची संतती.

याच शिकारीने आणखी एक जीव गिळला आणि तो फरसाठी मारलाही जात नव्हता. बेरिंगच्या जहाजावरचे निसर्गशास्त्रज्ञ गेओर्ग स्टेलर यांनी त्या बेटाभोवती महाकाय, संथ, शेवाळ खाणाऱ्या समुद्रगायी पाहिल्या होत्या. पाणमांजरांच्या मागे निघालेल्या टोळ्यांनी त्या खाऊन संपवल्या. १७६८पर्यंत एकही उरली नाही. शोध लागल्यापासून नामशेष होईपर्यंत २७ वर्षं.

आणि पाणमांजर गेलं की समुद्राचा तळही बदलतो. ते काटेरी सागरी अर्चिन खातं. पाणमांजर नाही, तर अर्चिन बेसुमार वाढतात आणि केल्पची, म्हणजे समुद्रातल्या उंच शैवालांची, पाण्याखालची जंगलं कुरतडून उजाड करतात. जेम्स एस्टेस आणि जॉन पाल्मिसानो या संशोधकांनी १९७४ साली अल्युशियन बेटांवर हे दाखवून दिलं. फर नैसर्गिक आहे, म्हणून पर्यावरणाला पोषक आहे, असं जेव्हा कुणी सांगतं, तेव्हा मला हे उजाड समुद्रतळ आठवतात.

चिंचिलाचं गणित वेगळ्या वाटेने त्याच जागी पोचतं. अँडीज पर्वतात राहणाऱ्या या प्राण्याच्या एका रोमकूपातून पन्नासहून अधिक केस निघतात. १८२८ ते १९१६ या काळात एकट्या चिलीतून सुमारे ७० लाख कातडी निर्यात झाली. १९२३ साली मॅथायस चॅपमन या अमेरिकी खाणतज्ज्ञाने मोठ्या प्रयासाने जमवलेले ११ चिंचिला कॅलिफोर्नियात नेले आणि आज जगभरातल्या पिंजऱ्यांत आणि घरांत असलेले चिंचिला बहुतांशी त्या ११ जणांचे वंशज आहेत. चिलीतल्या डोंगरांवर मात्र मोकळे चिंचिला आता हजारांतच मोजावे लागतात.

वर्तमानात परत येऊ. २०१४च्या आसपास या धंद्याने शिखर गाठलं. नवश्रीमंत चिनी ग्राहकांमुळे भाव चढले होते आणि चीनमध्येच त्या वर्षी साधारण ६ कोटी मिंक, १ कोटी ३० लाख कोल्हे आणि १ कोटी ४० लाख रकून डॉग वाढवले आणि मारले गेले. जगभराचा आकडा ह्यूमेन सोसायटी इंटरनॅशनल या संस्थेच्या मोजणीनुसार १४ कोटी. दर सेकंदाला चारपेक्षा जास्त, दिवसरात्र, वर्षभर. त्यानंतर भाव कोसळले, मागणी आटली, साथ आली. त्याच संस्थेच्या मोजणीत २०२३चा आकडा दोन कोटींच्या जरा वर आहे. नऊ वर्षांत सुमारे ८५ टक्के घट. प्राण्यांच्या बाजूने एवढ्या वेगाने बदललेला दुसरा कुठलाही मोठा उद्योग मला ठाऊक नाही. तरी दोन कोटी म्हणजे अजूनही दर तीन सेकंदांना दोन.

हे कसं घडलं, ते आठवण्यासारखं आहे. ब्रिटनने २००० साली कायदा करून फर फार्म बंद करायला सुरुवात केली. नेदरलँड्सने २०२४पर्यंतची मुदत दिली होती. कोरोनाने ती २०२१वर आणली. नॉर्वे, एके काळी कोल्ह्यांच्या फार्मचा देश, तिथे २०१९ साली बंदीचा कायदा झाला. इस्राएलने २०२१ साली फॅशनसाठी फर विकण्यावरच बंदी घालण्याचा निर्णय घेतला. गुची, प्राडा, शनेल यांनी एकामागोमाग फर सोडली. ‘फरमुक्त युरोप’ या मागणीवर २०२३ साली १५ लाखांहून अधिक युरोपीय नागरिकांच्या सह्या पडताळून मान्य झाल्या. आणि फिनलंडमध्ये त्याच वर्षी ७१ फार्मवर बर्ड फ्लू शिरला, जवळपास पाच लाख कोल्हे, मिंक आणि इतर प्राणी मारावे लागले. कोपनहेगनच्या धड्यानंतर तीन वर्षांनीच.

कोपनहेगन फर ही जगातली सर्वांत मोठी फर लिलाव संस्था शेतकऱ्यांच्या मालकीची सहकारी संस्था होती, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला विशेष जाणवेल. सहकाराने उभी राहिलेली, गावागावांत पैसा नेणारी संस्था बुडते तेव्हा काय होतं, हे आपल्याला सांगायला नको. त्या फार्मवर तीन-तीन पिढ्या राबल्या होत्या. म्हणून डॅनिश सरकारने जानेवारी २०२१मध्ये नुकसानभरपाई ठरवली, तिची कमाल मर्यादा १,८८० कोटी क्रोनर होती. तेव्हाच्या दराने साधारण २२ हजार कोटी रुपये. मला ही रक्कम खटकत नाही. खटकतं ते हे, की जो धंदा दहा वर्षं आधी शांतपणे, माणसांना वेळ देऊन, दुसऱ्या कामाकडे वळवता आला असता, तो एका दुपारच्या पत्रकार परिषदेत मोडावा लागला. २०२३पासून मिंक पाळण्याची परवानगी पुन्हा मिळाली. परत सुरुवात करायला पुढे आले ते बोटांवर मोजण्याइतकेच.

एक आक्षेप मात्र टाळून पुढे जाणं बरं नाही. जग दर वर्षी ७,००० कोटींहून जास्त कोंबड्या खातं. त्या आकड्यापुढे फरचे दोन कोटी म्हणजे काहीच नाहीत, मग आरडाओरडा कशाला, असं विचारणारे प्रामाणिक लोक आहेत. कोंबड्यांचा प्रश्न खरा आहे, फार मोठा आहे आणि तो सोपा नाही, कारण त्यात कोट्यवधी माणसांच्या ताटातलं अन्न आणि रोजगार आहे. फरच्या प्रश्नात तसं काहीही अडकलेलं नाही. मोठा प्रश्न सुटत नाही, म्हणून हाताशी असलेला सुटण्यासारखा प्रश्न सोडून द्यावा, हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कृत्रिम फर म्हणजे ॲक्रिलिक आणि पॉलिएस्टर, म्हणजे खनिज तेल. प्लिमथ विद्यापीठातल्या इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी २०१६ साली मोजलं, की सहा किलो ॲक्रिलिक कपडे एकदा धुतले तर सात लाखांहून अधिक तंतू पाण्यात जाऊ शकतात. कृत्रिम फरचा कोट कुणी रोज यंत्रात धूत नाही, हे खरं. तरी तो कुजत नाही, आणि स्वस्त असल्यामुळे एका हंगामात टाकून दिला जातो. म्हणून मिंकच्या जागी प्लास्टिक आणलं की काम झालं, असं मी म्हणणार नाही. खरी फर मात्र कुजते, असं सांगणाऱ्यांनीही एक लक्षात घ्यावं. कातडं कुजू नये म्हणूनच त्याच्यावर रसायनांची प्रक्रिया होते, तसं नसतं तर कोट टिकलाच नसता. ऊब हवी असेल तर कातरलेली लोकर आहे, कापूस भरलेली दुलईदार जॅकेटं आहेत, वर्षानुवर्षं वापरता येणारं जुनं आहे. केसाळ किनार ऊब देण्यासाठी क्वचितच असते. ती दिसण्यासाठी असते.

आपण भारतीय यातून बाजूला आहोत, असंही नाही. शहातूश शाल ही आपल्याकडची गोष्ट. चिरू, म्हणजे तिबेटी काळवीट, मारल्याशिवाय त्याची लव मिळत नाही आणि एका शालीला तीन ते पाच चिरू लागतात. विणकर काश्मीरमधले, गिऱ्हाईक दिल्ली-मुंबईपासून लंडन-न्यूयॉर्कपर्यंत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दहा लाखांच्या आसपास असलेले चिरू नव्वदच्या दशकात ६५ ते ७५ हजारांवर आले. शाल चिरूच्या गळून पडलेल्या केसांची असते, ही दुकानदारांनी पसरवलेली समजूत प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी तिबेटच्या पठारावर जाऊन मोडीत काढली. देशात बंदी होतीच, पण जम्मू-काश्मीरमध्ये ती २००२ साली खऱ्या अर्थाने आली. त्यानंतर आणि चीनने राखीव क्षेत्रं सांभाळल्यानंतर चिरू पुन्हा वाढले आहेत. मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या कातड्यांची आयात भारताने जानेवारी २०१७मध्ये बंद केली, तीही त्याच दिशेने.

आज आपला या धंद्याशी संबंध येतो तो बहुधा परदेशात. मुलगी टोरांटोला शिकायला निघते, मुलगा कोपनहेगनमध्ये नोकरीला लागतो, आईवडील त्यांच्याकडे पहिल्या हिवाळ्यात जातात आणि जॅकेट घ्यायला दुकानात उभे राहतात. हुडच्या कडेला फर असते, टोपीला गोंडा असतो, हातमोज्यांच्या आत अस्तर असतं. युरोपीय संघात अशा कपड्याच्या लेबलवर ‘प्राणिजन्य कापडेतर भाग आहेत’ अशा अर्थाचं वाक्य असावं लागतं, पण प्राणी कोणता, हे त्या वाक्यात सांगितलेलं नसतं. रकून डॉगची फर इतकी स्वस्त झाली होती, की कृत्रिम म्हणून विकलेल्या वस्तूंत खरी फर निघाल्याची प्रकरणं ब्रिटनमध्ये उघडकीस आली आहेत. त्यामुळे लेबलवर विसंबू नका, स्वतः पाहा. दोन बोटांनी केस बाजूला करा आणि मुळाशी काय आहे ते बघा. विणलेलं कापड दिसलं तर फर कृत्रिम, कातडं दिसलं तर खरी. केसाचं टोक निमुळतं होत गेलेलं असेल, तर ते कुणाच्या तरी अंगावर वाढलेलं आहे. मग ते जॅकेट परत रॅकवर टांगा आणि दुकानदाराला सांगा, की फर नसलेलं दाखवा. कॅनडा गूजसारख्या कंपनीनेही कोयोटची फर लावलेल्या कपड्यांचं उत्पादन २०२२च्या अखेरीस थांबवलं. आपणही फर नसलेलंच मागू या.